मांडवात वाजलं की पेटीचा सा गायब: स्टिरिओ, पॅनिंग आणि फेजचा गुंता कसा सोडवायचा

श्रावण सरत आला की मला दर वर्षी एकाच तऱ्हेचे फोन यायला लागतात. "अरे, तुझ्याकडे हेडफोनवर ऐकलं तेव्हा केवढं भरून आलं होतं! मांडवात लावलं तर पेटीच नाही." कुणाची पेटी जाते, कुणाचा कोरस जातो, आणि एका मंडळाचा तर गायकच गेला होता, मागचा घुमारा तेवढा शिल्लक. नवरात्र जवळ आलं की हीच तक्रार गरब्याच्या ट्रॅकबद्दल येते.

मी बडोद्यात दांडिया बाजारातल्या घराच्या एका खोलीत रेकॉर्डिंग करतो. इथली भजनी मंडळं, शाळांची समूहगीतं, कुणाचे चार-सहा अभंग, असं काम असतं. ते काम पुढे जिथे वाजतं तिथे बहुतेक वेळा मोनोच असतं, म्हणजे डावं-उजवं वेगळं नसलेला एकच आवाज. मांडवातले भोंगे, चौकातले चार बॉक्स, देवघरातला एकुलता एक ब्लूटूथ स्पीकर, ओट्यावर ठेवलेला फोन. गरब्याच्या मैदानात तर माणसं गोल फिरत असतात, त्यांना डावं-उजवं कसलं? तिथला साउंडवाला दोन्ही बाजू एकत्र करून सगळ्या स्पीकरना सारखाच आवाज देतो आणि ते बरोबरच आहे. म्हणजे मोनोत टिकणारं मिक्स, सगळे ट्रॅक एकत्र करून बनवलेली शेवटची फाइल, देणं ही जबाबदारी आपली. हे मला उशिरा कळलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी विचारा: नेमकं काय गेलं?

स्टिरिओ फाइलमध्ये डावा आणि उजवा असे दोन आवाज असतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच फाइलकडे दुसऱ्या तऱ्हेनेही बघता येतं. दोन्ही बाजूंत जे सारखं आहे ते एक, आणि दोन्ही बाजूंत जो फरक आहे तो दुसरा. सारखं असतं ते मधोमध ऐकू येतं, फरक असतो त्यातून रुंदी येते. डावा अधिक उजवा अशी बेरीज केली की फरक नाहीसा होतो. डावा उणे उजवा अशी वजाबाकी केली की सारखं ते नाहीसं होतं. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरने डिसेंबर १९३१ मध्ये पेटंटसाठी जो अर्ज केला, त्यात ही बेरीज-वजाबाकी होती. एफएमचं स्टिरिओ प्रसारणही अजून याच हिशोबाने चालतं. बेरीज नेहमीच्या जागी जाते, फरक ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर, म्हणजे त्याच प्रसारणातल्या दुसऱ्या लहरीवर, चढवला जातो. मोनो रेडिओ फक्त बेरीज उचलतो, त्यामुळे त्याचं काही अडत नाही.

हे डोक्यात बसलं की अर्धं निदान फोनवरच होतं. मधलं गेलं असेल, म्हणजे मुख्य आवाज आणि पखवाज, तर मिक्स उघडूही नका, वायर बघा. कडेचं गेलं असेल, म्हणजे पेटी, कोरस, टाळ, तर दोष मिक्समध्ये आहे. फक्त खर्ज पातळ झाला असेल तर स्पीकरची जोडणी नाहीतर पखवाजाचे माइक. सगळं आहे पण पत्र्याच्या नळीतून आल्यासारखं वाटतंय, तर एकच आवाज थोड्या अंतराने दोनदा येतोय. आणि मांडवात चालता चालता आवाज बदलत असेल तर ते दोन स्पीकरमधल्या अंतराचं काम, त्यासाठी मिक्समध्ये रात्र घालवू नका.

गायकच गेला: वायरचा दोष

हा दोष सगळ्यात नाट्यमय आणि सगळ्यात सोपा. लॅपटॉपच्या किंवा फोनच्या हेडफोनच्या भोकातून निघणारी पिन तीन भागांची असते. टोकाला डावा, मधल्या कड्याला उजवा, मागे अर्थिंग. तिच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी तीन भागांचीच मोठी पिन लावलेली असते आणि ती मिक्सरच्या एका चॅनलमध्ये खोचलेली असते. दिसायला सगळं नीट बसलेलं. पण मिक्सरचं ते भोक बॅलन्स्ड असतं. त्याच्या लेखी टोक आणि कडं ही एकाच मोनो आवाजाची सुलटी आणि उलटी प्रत. लांब वायरमध्ये शिरलेली गुणगुण मारण्यासाठी तो दोन्हींची वजाबाकी करतो. आपण मात्र त्याला डावा आणि उजवा दिलेले असतात. डावा उणे उजवा, म्हणजे मधोमध ठेवलेला गायक शून्य. उरतो रिव्हर्ब (मागचा घुमारा), कोरसच्या कडा, आणि एका बाजूला ठेवलेली वाद्यं.

खात्री करायची असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत "मोनो ऑडिओ" असतं ते चालू करा. आता दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या झाल्या. त्या वायरमधून आता जवळजवळ काहीच आलं नाही तर चोर सापडला. तिथेच खाली डाव्या-उजव्याच्या तोलाची पट्टी असते. मोनो चालूच ठेवून ती पूर्ण डावीकडे सरकवा. उजवीकडे काही उरलं नाही, वजा करायला काही नाही, म्हणून पूर्ण गाणं परत येतं. आरतीला पाच मिनिटं असताना या पट्टीने माझी लाज राखली आहे. खरा उपाय म्हणजे डावा-उजवा वेगळ्या करणाऱ्या दोन साध्या पिनांची वायर, दोन चॅनल, आणि दोन्ही मधोमध. डावा आणि उजवा थेट एकमेकांना सोल्डर करून एका पिनेत घालू नका. दोन आउटपुट एकमेकांवर भार टाकतात. प्रत्येकात रेझिस्टर घालून मग जोडायचं असतं, किंवा त्यासाठीचा डीआय बॉक्स, म्हणजे मध्ये जोडायची डबी, घ्यायचा.

काकूंचा सा

आता मिक्समधला दोष, आणि इथे थांबायला हवं, कारण मला हे सगळं ज्यामुळे समजलं ती गोष्ट ही आहे.

आमच्याच गल्लीतल्या महिला भजनी मंडळाचे सात अभंग मी केले होते. मुख्य आवाज एका काकूंचा, पट्टी काळी पाच, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी हा त्यांचा सा. गणपतीत दुसऱ्याच संध्याकाळी काकूंचा फोन. आवाजात राग नव्हता, त्याहून वाईट, खंत होती. "मी सावर येते ना, तिथे माझा आवाज उघडा पडतो रे. पेटी धरतच नाही मला. रेवर गेले की परत येते. मी बेसूर गायलेय का?"

त्या मुळीच बेसूर नव्हत्या. पण मांडवात जाऊन ऐकलं तर त्या म्हणत होत्या ते शब्दन् शब्द खरं होतं. सावर पेटी पिपाणीसारखी बारीक, जणू तार सप्तकात गेलेली. रेवर भरघोस. एकाच पेटीचे शेजारचे दोन सूर इतके वेगळे?

घरी येऊन प्रोजेक्ट उघडलं. पेटीला मी रुंद केलं होतं. एका माइकने घेतलेला ट्रॅक, त्याची नक्कल, मूळ पूर्ण डावीकडे, नक्कल पूर्ण उजवीकडे आणि १५ मिलिसेकंद उशिरा. हेडफोनवर हे फार मोहक लागतं. हेल्मुट हासने १९४९ मध्ये याच गोष्टीचा अभ्यास मांडला होता. तोच आवाज काही मिलिसेकंदांनी परत आला तर कान त्याला वेगळा आवाज मानत नाही, दोन्ही मिळून एकच ऐकतो आणि दिशा आधी आलेल्याची धरतो. म्हणून याला हास इफेक्ट म्हणतात. दोन कानांना दोन वेगळ्या वायरींनी दिलं तोवर सगळं छान. दोन्ही एका भोंग्यात ओतलं की मूळ आणि उशिराची नक्कल एकमेकांवर पडतात.

हिशोब साधा आहे. जितका उशीर, त्याच्या दुप्पट वेळात एक फेरा पूर्ण करणारा सूर पहिला मरतो. १५ मिलिसेकंदांची दुप्पट ३०, म्हणजे सुमारे ३३.३ हर्ट्झ, सेकंदाला तेवढी कंपनं. त्यानंतर त्याच्या विषम पटीत खड्डे पडत जातात: १००, १६७, २३३, ३००, ३६७ असे वरपर्यंत. सम पटीत उलट टेकाडं: २००, २६७, ३३३. कंगव्याच्या दातांसारखं हे दिसतं म्हणून याला कोम फिल्टर म्हणतात, इंग्रजीत कोम म्हणजे कंगवा.

आता काळी पाचचा सा बघा. ए ४४० हर्ट्झला लावलेल्या पेटीवर मध्य सप्तकातली काळी पाच २३३.०८ हर्ट्झला बोलते. बरोबर खड्ड्यात. नुसता मूळ सूरच नाही. त्याचा तिसरा स्वरांश, म्हणजे त्यातच मिसळलेला तिप्पट कंपनांचा सूर, ६९९ हर्ट्झ, तोही खड्ड्यात. दुसरा ४६६, तो मात्र टेकाडावर. म्हणजे विषम स्वरांश गेले, सम राहिले, आणि कानाला एक सप्तक वरचा बारीक सूर ऐकू आला. त्या दिवशी पेटीची एकच लाइन उघडी होती, खर्जाची लाइन असती तर तिने थोडी लाज राखली असती. आणि रे? तो २६१.६ हर्ट्झ, २६७ च्या टेकाडाला जवळजवळ टेकलेला. त्याला काहीच धक्का नाही. काकूंच्या कानाने कंगव्याचा दात न दात मोजला होता.

मग मी प्रत्येक शिकणारा करतो तेच केलं. नक्कल ट्रॅकवरचं फेज उलटण्याचं बटण, ते रेघ मारलेल्या शून्याचं, दाबलं. सा आला! आणि रे बसला, साधारण १२ डीबीने (डेसिबलने). तेव्हा नीट समजलं की ते बटण फेज, म्हणजे लाटेची वेळेतली जागा, उलटत नाही, पोलॅरिटी उलटतं. लाटेचं वर ते खाली आणि खाली ते वर, बस. वेळेत ती तसूभरही हलत नाही. उशिरामुळे झालेला दोष त्याने जात नाही, खड्डे आणि टेकाडं फक्त जागा बदलतात. उशीर १५ चा १७ केला की खड्डे दुसऱ्या सुरांवर जातात. कुणीतरी मरणारच. मोनोत वाजणाऱ्या कामात, सूर धरून ठेवणाऱ्या वाद्यावर हास वापरायचाच नाही, असं मी त्या रात्री ठरवलं. चुटक्या, टाळ्या, शेकर यांवर कधी चालून जातो, कारण तिथे सूर जायचा प्रश्न नसतो.

पेटीचं काय केलं? नक्कल पुसली. मूळ ट्रॅक मोनोच ठेवून उजवीकडे एक तृतीयांश सरकवला आणि एका लहान खोलीचा स्टिरिओ रिव्हर्ब थोडासा दिला. रुंदी रिव्हर्बमध्ये, सूर मूळ ट्रॅकमध्ये. मोनो केलं की रिव्हर्ब थोडा आक्रसतो, सूर तसाच राहतो. "पेटी दोनदा वाजवून घ्या आणि एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवा" असाही सल्ला मिळतो. पेटीसाठी मला तो पटत नाही. तीच पेटी, तेच रीड, जवळजवळ तीच कंपनं. भात्याच्या दाबाने होणारा किंचित फरक तेवढा, त्यामुळे लांब धरलेले सूर मोनोत हेलकावे खातात. माणसांच्या आवाजाला मात्र हा उपाय अगदी योग्य आहे. कोरसमधल्या चारजणींना दोनदा गायला लावा, एक टेक डावीकडे, दुसरा उजवीकडे. कुणी एक शब्द जरा आधी सोडते, कुणाचा सूर केसभर वर असतो, म्हणून दोन टेक एकमेकांना पुसू शकत नाहीत. ही खरी रुंदी. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे ठेवणं म्हणजे रुंदी नाही, मधोमध जरा मोठा झालेला तोच आवाज.

पखवाजाचा दणका

भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये पखवाजाला दोन्ही तोंडांवर माइक लावतात, एक शाईसमोर, एक कणीक लावलेल्या धुमेसमोर. धुमेवर थाप पडली की ते कातडं आत जातं, म्हणजे आपल्या माइकपासून दूर. आतली हवा दाबली जाऊन दुसरं कातडं बाहेर येतं, म्हणजे त्याच्या माइककडे. एका माइकला लाट खाली सुरू झालेली दिसते, दुसऱ्याला वर. दोन्ही ट्रॅक मधोमध आणले की खर्ज एकमेकांना खातो. इथे मात्र पोलॅरिटीचं बटण हेच औषध आहे. एका माइकवर दाबा, दोन्ही एकत्र ऐका, परत सोडा, परत ऐका. ज्यात पोट भरतं ते ठेवा. डोळ्यांनी ठरवू नका, मोठं करून लाटा बघणं मदतीपुरतं. ढोलकीला आणि ढोलकलाही हेच लागू.

अंतराचंही बघावं लागतं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरला २.९ मिलिसेकंद. गाणाऱ्याच्या माइकमध्ये मीटरभर लांबचा पखवाज शिरतो तो एवढा उशिरा, आणि १७२ हर्ट्झच्या आसपास पहिला खड्डा पडतो. तीनास एकचा नियम म्हणूनच आहे. माइक वाद्यापासून एक वीत असेल तर दुसरा माइक त्या पहिल्यापासून निदान तीन विती लांब. मग शिरलेला आवाज इतका हळू असतो की खड्डा उथळ राहतो. रेकॉर्डिंग आधीच झालेलं असेल तर ट्रॅक थोडा पुढेमागे सरकवून बघता येतं. ४८ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये ४८ सॅम्पल (आवाजाच्या नोंदी) म्हणजे एक मिलिसेकंद.

पूर्ण मंडळ एकदम स्टिरिओत घ्यायचं असेल तर दोन माइक लांब लांब ठेवण्यापेक्षा दोन्हींची तोंडं एकाच जागी, एकमेकांना काटकोनात, असे एक्स-वाय पद्धतीने लावा. दोघांकडे आवाज एकाच वेळी पोहोचतो, फरक असतो तो फक्त लहान-मोठ्याचा, त्यामुळे मोनोत काही मरत नाही. रुंदी जरा कमी वाटते. माझी त्याला हरकत नाही.

किती रुंद, आणि कोण कुठे

नव्याने मिक्स करणाऱ्यांचा हात वायडनरकडे, म्हणजे रुंदी वाढवणाऱ्या प्लगइनकडे, फार लवकर जातो. हे प्लगइन बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर फरकाचा भाग वाढवतात, नाहीतर आत लपवलेला उशीर किंवा फेजची उलथापालथ करून फरक तयार करतात. पहिल्या तऱ्हेत मोनो केल्यावर वाढवलेला भाग नुसता निघून जातो, मागे मूळ उरतं. दुसऱ्या तऱ्हेत काकूंचा सा जातो. कोणत्या जातीचं आहे हे ओळखायला एक सुरीला मोनो ट्रॅक त्यातून काढा, मग मास्टर (शेवटचं पूर्ण मिक्स) मोनो करा आणि प्लगइन चालू-बंद करत ऐका. आवाजाचा रंग बदलला तर ते दुसऱ्या जातीचं. पूर्ण मिक्सवर, मास्टरवर, वायडनर मी लावतच नाही.

पॅनिंगसाठी, म्हणजे कुणाला डावीकडे-उजवीकडे कुठे ठेवायचं त्यासाठी, मला सगळ्यात भरवशाचा नकाशा बैठकीचाच वाटतो. गायक मधोमध. तबलजी गायकाच्या उजव्या हाताला, म्हणजे श्रोत्यांच्या डावीकडे. पेटीवाला गायकाच्या डाव्या हाताला, श्रोत्यांच्या उजवीकडे. मागे दोन तानपुरे, दोन्ही खांद्यांशी. शतकभराची ही मांडणी कानाला पटलेली आहे, तिथून सुरुवात करा. तानपुरा हे एक वाद्य मी खुशाल रुंद ठेवतो. दोन वेगळे तानपुरे, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोघांच्या तारा स्वतंत्र छेडलेल्या असतात, म्हणून मोनोतही तो गालिचा टिकतो. तबल्याचे दायां-बायां मात्र पूर्ण डावं-उजवं करू नका. खऱ्या बैठकीत ते हातभर अंतरावर असतात, हेडफोनवर तबला खोलीएवढा रुंद झाला की वाजवणारा माणूसच नाहीसा होतो.

आणखी एक हिशोब लक्षात ठेवा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये समान शक्तीचा पॅन लॉ असतो. मधोमध ठेवलेला ट्रॅक दोन्ही बाजूंना ३ डीबी कमी जातो, म्हणून स्टिरिओत तो सरकवला तरी तेवढाच मोठा वाटतो. मोनोत बेरीज झाली की मधल्या गोष्टी कडेच्यांपेक्षा ३ डीबी वर येतात. म्हणून टाळ, कोरस यांना पूर्ण टोकाला नेलं तर मांडवात ते फेज ठीक असूनही बसल्यासारखे वाटतात. यावर माझी सवय अशी: सगळं आधी मोनोत, एकाच स्पीकरवर मिक्स करतो. सगळे ट्रॅक मधोमध, आणि पेटी आणि आवाज एकमेकांवर चढत असतील तर इक्वलायझरने जागा काढतो. मोनोत प्रत्येक जण ऐकू यायला लागला की मग पॅन करतो. तेव्हा पॅनिंगला सोडवायला काही उरत नाही, मिक्स फक्त उघडतं.

खर्ज मधोमध ठेवा. १०० हर्ट्झची लाट सुमारे साडेतीन मीटर लांब असते, कानाला तिची दिशा धड कळत नाही आणि मांडवातला सब-वूफर तसाही मोनोच असतो. १२० हर्ट्झच्या खालचा फरकाचा भाग कापून टाकला तर हरवल्यासारखं काहीच वाटत नाही.

मोनोत ऐकायचं कसं

रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये मास्टर ट्रॅकवरच मोनोचं बटण आहे. इतर ठिकाणी शेवटी एखादं गेन प्लगइन लावून मोनो करता येतं. व्हॉक्सेंगो कंपनीचं एमएसईडी हे प्लगइन फुकट मिळतं, त्यात नुसता फरकाचा भागही ऐकता येतो. तो भाग मी मुद्दाम ऐकतो. तिथे मुख्य आवाज किंवा पखवाजाचा दणका ऐकू आला तर समजावं की कुठेतरी गडबड आहे. ऑडॅसिटीत हेच करायचं तर स्टिरिओ ट्रॅक दोन मोनोंत फोडा, एकाला इन्व्हर्ट लावा, दोन्ही एकत्र वाजवा.

मोनो केल्यावर दोन्ही स्पीकर चालू ठेवू नका. दोन स्पीकरमधून एकच आवाज आला तर डोकं जरा हललं तरी तिथेही कंगवा तयार होतो. एक स्पीकर बंद करा, दुसऱ्यासमोर बसा.

दोन्ही बाजू किती सारख्या ते दाखवणारा कोरिलेशन मीटर व्हॉक्सेंगोच्या स्पॅन या प्लगइनमध्ये असतो. अधिक एक म्हणजे दोन्ही बाजू एकच, शून्य म्हणजे एकमेकांशी संबंध नाही, उणे एक म्हणजे पूर्ण उलट. अभंगाच्या मिक्समध्ये काटा शून्याच्या वर हिंडत असला की मी निश्चिंत असतो. क्षणभर खाली गेला तर घाबरत नाही, खालीच बसला तर ट्रॅक एकेक बंद करत जातो. पण मीटरच्या भरवशावर राहू नका. काकूंच्या मिक्समध्ये आवाज आणि पखवाज मधोमध दणकट होते, काटा छान वर होता. पेटी त्यांच्या आड लपली होती. म्हणून ट्रॅक एकेकटा ऐकताना मीटर बघायचा.

स्पीकरच्या बाजूचं थोडक्यात. चौकात दोन बॉक्स असतील आणि दोघांच्या बरोबर मध्ये उभं राहिल्यावर खर्ज गायब होत असेल, एकाच्या जवळ गेलं की येत असेल, तर एका बॉक्सच्या लाल-काळ्या वायरी अदलाबदल झाल्या आहेत. ॲम्प्लिफायर बंद करून एकाच बॉक्सच्या वायरी फिरवा. साउंडवाल्या दादांना हे आधी सांगून, विचारूनच करा. त्यांची रात्रभराची धावपळ असते आणि चूक बहुधा घाईत झालेली असते.

काकूंचे सातही अभंग मी तिसऱ्या दिवशी दुपारी नव्याने काढून दिले. संध्याकाळी त्या मांडवाच्या अगदी मागे, भोंग्याखालच्या खुर्चीवर बसल्या होत्या. पहिल्या अभंगात सा आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हाताने मांडीवर ठेका धरला.

आता मंडळांना मी पेन ड्राइव्हवर दोन फोल्डर देतो. "घरासाठी" मध्ये स्टिरिओ. "मांडवासाठी" मध्ये मोनोत तपासलेलं मिक्स, पण तो मोनो फक्त डाव्या बाजूला भरलेला, उजवी बाजू रिकामी. वायर चुकीची असली तरी डावा उणे काहीच नाही म्हणजे डावाच. बेरीज झाली तरीही डावाच. एकच अडचण राहते, कुणी फक्त उजवी पिन खोचली तर काहीच वाजत नाही. म्हणून पेन ड्राइव्हला चिकटपट्टीने एक चिठ्ठी लावतो: "आवाज आला नाही तर दुसरी पिन खोचा."